परदेशांतील अन्नाचे कारखाने व आपले तरुण

गेल्या चातुर्मासांत एके दिवशीं सायंकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या चिरंजिवांस घेऊन आमच्याकडे आले. नमस्कार, कुशलप्रश्न, चहा इतकें सर्व झालें तरी मुद्द्याची गोष्ट त्यांच्या तोंडून निघेना. शेवटीं त्यांनीं पिशवींतून एक छापील कागद काढून आमच्यापुढें ठेविला व म्हणाले, "मास्तर, आपण एकदां हा वाचून पाहा. ह्याच्यावरून घरांत दोन तट पडले आहेत."

कागद एका दलालाचा होता. इंग्लंडांतील खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत माल पाकिटांत भरण्याचें काम, मुदत दोन वर्षें, राहणें व जेवण फुकट, इंग्रजी येण्याची अट नाहीं, आणि 'सर्व खर्चासह' रुपये ४ लक्ष आगाऊ. चिरंजीव बी. कॉम. झालेले व तीन वर्षें लहानसहान नोकऱ्या करून कंटाळलेले. आईनें आपल्या पाटल्या गहाण टाकण्याची तयारी दाखविलेली. थोरल्या काकांचें म्हणणें, आपल्या घरच्या मुलानें परदेशांत जाऊन मांसाचीं पाकिटें बांधायचीं काय? धाकट्या काकांचें म्हणणें, येथें बसून तरी तो काय करीत आहे? आणि ज्याच्यासंबंधीं हा सर्व वाद, तो मुलगा खालीं मान घालून आमच्या सतरंजीचे दोरे मोजीत बसलेला.

वाचकहो, अशा वेळीं वडीलधाऱ्यांकडून बहुधा दोनच उत्तरें मिळतात. एक, 'जा, नशीब काढ'. दुसरें, 'नको, आहे तें बरें आहे.' ह्या दोहोंपैकीं कोणतेंही उत्तर देण्यास ज्ञान लागत नाहीं. हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों, व तो अनुभव सांगावयास आम्हांस संकोच वाटत असला तरी सांगणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा दुसरा एक विद्यार्थी असाच कागद घेऊन आला होता. आम्हीं तो चष्मा न लावतांच परत दिला, मुलाच्या हातावर नारळ ठेविला, आणि उद्योगी पुरुषाची थोरवी सांगणारा एक श्लोक म्हणून त्याची पाठ थोपटली. तो मुलगा प्रवाशाच्या परवान्यावर परदेशीं गेला. भाज्या धुऊन पाकिटांत भरण्याच्या एका शेडमध्यें दलालाच्या माणसांनीं त्यास जुंपलें. पहिल्या दोन महिन्यांची मजुरी राहण्याच्या खर्चांत वळती झाली. पासपोर्ट दुसऱ्याच्या पेटींत; तक्रार करावी तर स्वतःचेंच राहणें बेकायदेशीर. अकराव्या महिन्यांत तो रिकाम्या हातानें व कर्ज डोक्यावर घेऊन परत आला. त्यानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दर दसऱ्यास तो सोनें द्यावयास येतो व वांकून नमस्कार करितो. त्या नमस्काराइतका जड नमस्कार आम्हांस दुसऱ्या कोणाचाच वाटत नाहीं.

म्हणून ह्या खेपेस आम्हीं उत्तर देण्यास महिन्याची मुदत मागून घेतली, व आमच्या मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या आधारानें चौकशीस लागलों. त्या चौकशींतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम हें काम असतें तरी कसें, हें पाहूं. आमची एक पुतणी, तिचे यजमान इंग्लंडांत पुढील शिक्षण घेत असतां, तेथील एका सँडविचच्या कारखान्यांत दीड वर्ष कामास जात होती. घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें. 'एका कंपनींत आहें' इतकेंच ती फोनवर सांगे. आम्हीं सरळ विचारल्यावर मात्र तिनें मोकळ्या मनानें सर्व हकीगत सांगितली.

कारखान्याच्या त्या दालनांत बाराही महिने ५ अंशांच्या जवळपास थंडी असे, कारण ऊब मिळाली कीं अन्न नासतें. एका लांब सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस बायका व पुरुष उभे राहत. एकानें पावाचा काप ठेवावा, दुसऱ्यानें लोणी फिरवावें, तिसऱ्यानें काकडीचे चार काप मांडावे, चौथ्यानें वर दुसरा काप ठेवावा. पट्टा कोणासाठीं थांबत नाहीं. बारा तासांची पाळी, मध्यें मोजक्या सुट्ट्या, बाकी सर्व वेळ उभ्यानें. घरीं आल्यावर बोटें इतकीं बधिर असत कीं कुलपाची किल्ली फिरविणें कठीण जाई. शिवाय ती कारखान्याची नोकर नव्हेच. मजूर पुरविणाऱ्या एका संस्थेची. उद्यां काम आहे कीं नाहीं हें आदल्या संध्याकाळीं फोनवरच्या निरोपानें कळे. निरोप आला नाहीं तर त्या दिवसाची मजुरीही नाहीं.

पहिल्याच दिवशीं तिला डुकराच्या मांसाच्या पट्ट्यावर उभें केलें. तिनें कसेंबसें काम केलें, पण दिवसभर तोंडांत पाण्यावांचून कांहीं घेतलें नाहीं. तिच्या शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध पंजाबी बाईंनीं तें ओळखिलें व दुसऱ्या दिवशीं मुकादमिणीस सांगून तिची बदली चीजच्या पट्ट्यावर करून घेतली. "काका, त्या बाईंचें नांव मीं रोज संध्याकाळीं देवाजवळ घेत असें," असें ती म्हणाली. परंतु सर्वांस अशी बाई भेटत नाहीं, व मागेल त्याला मागेल तो पट्टा मिळत नाहीं. ज्या घरांत मांसाचा स्पर्श निषिद्ध आहे, त्या घरच्या मुलानें हा प्रश्न विमानांत बसल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वींच मनाशीं सोडविला पाहिजे.

पुतणीच्या बोलण्यांतील दुसरी एक गोष्ट आमच्या वाचक भगिनींस विशेष मनोरंजक वाटेल. त्या दालनांत शिरण्यापूर्वीं बांगड्या, कानांतलें, घड्याळ, मंगळसूत्र सर्व काढून ठेवावें लागे. फक्त खडा नसलेली साधी अंगठी चाले. केसांवर जाळी, आणि पुरुषास दाढी असली तर दाढीवरही जाळी. हात ठराविक रीतीनें धुवावयाचे, बाहेरचे बूट बाहेर सोडून आंतले घालावयाचे, वर धुतलेला पांढरा डगला. कच्च्या पदार्थांकडचा मनुष्य तयार पदार्थांकडे तसाच येऊं शकत नसे. त्यास पुन्हां सर्व वेष बदलावा लागे. बोट कापलें तर त्यावर निळ्या रंगाचीच पट्टी लावावयाची, कारण निळ्या रंगाचें अन्न जवळजवळ नसतेंच. पट्टी गळून पडली तर लगेच डोळ्यांत भरावी. शेवटीं प्रत्येक पाकीट धातु शोधणाऱ्या यंत्राखालून जाई.

"आजीच्या सोंवळ्याचा आम्हीं मुलांनीं किती कंटाळा केला!" पुतणी हंसून म्हणाली. "तिकडे मला तेंच पगार घेऊन पाळावें लागलें." आमच्या मातोश्री धूतवस्त्र नेसल्यावांचून चुलीपाशीं जात नसत, हें आम्हांस आठवलें. परंतु विचार करितां ह्या दोन सोंवळ्यांतील भेदही आमच्या ध्यानांत आला. कारखान्याचें सोंवळें हात धुतला आहे काय, एवढेंच विचारतें; आमच्या सोंवळ्यानें पुष्कळदां हात कोणाचा आहे, हेंच आधीं विचारलें. ह्यांतील कोणता प्रश्न अन्नाच्या शुद्धतेशीं निगडित आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

ह्या कडक शिस्तीचा उगम १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत झाला. अंतराळवीरांसाठीं अन्न बनवितांना तेथील पिल्सबरी कंपनी व नासा ह्यांस असें आढळलें कीं, तयार झालेलें अन्न तपासून खात्री करावयाची तर बहुतेक अन्न तपासण्यांतच संपून जाईल. तेव्हां शेवटीं तपासण्यापेक्षां, धोका जेथें जेथें संभवतो त्या प्रत्येक पायरीवर पहारा ठेवावा, ही पद्धत निघाली व ती पुढें जगभर पसरली. वेष्टनावरील मजकुराचेंही तसेंच. तीळ, शेंगदाणे, मोहरी, दूध असे १४ पदार्थ कित्येकांच्या प्रकृतीस घातक असतात म्हणून ते वेष्टनावर स्पष्ट दाखविण्याचा नियम आहे. २०१६ सालीं, तिळाचा उल्लेख नसलेला, दुकानांतच बांधून ठेविलेला पाव खाऊन एक १५ वर्षांची मुलगी दगावली. त्यावरून इंग्लंडांत दुकानांत बांधलेल्या अशा पदार्थांसही १ ऑक्टोबर २०२१ पासून हा नियम लागू झाला. पाकिटें भरण्याचें काम म्हणजे बिनडोक काम, असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. चुकीच्या वेष्टनांत घातलेला बरोबर पदार्थही प्राण घेऊं शकतो.

आतां इतिहासाकडे वळूं. परदेशीं अन्नाच्या कारखान्यांत राबणें आपल्या लोकांस नवें नाहीं. १८३४ सालापासून मॉरिशस बेटांत उंसाच्या मळ्यांवर व साखरेच्या कारखान्यांत हिंदी मजुरांचे तांडे जाऊं लागले, व त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें आपणांस मराठी म्हणवितात. हे लोक करारानें बांधलेले असत. त्या करारास इंग्रजींत जो शब्द होता त्याचेंच आपल्या लोकांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें. बहुतेकांस तो कागद वाचतां येत नव्हता. ना. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९१० सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळकडे जाणारी ही भरती बंद करण्याचा ठराव मांडून मान्य करवून घेतला. १९१२ सालीं त्यांनीं ही पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणिला, तो मात्र नामंजूर झाला. भरती थांबली ती १९१७ सालीं, व तें पाहण्यास गोखले हयात नव्हते.

गिरमिटाची प्रथा गेली. पण अंगठा उठविण्याआधीं कागद न वाचण्याची प्रथा गेली नाहीं. आमच्या वेळचा अंगठा निरक्षराचा होता, आतांची सही पदवीधराची असते, इतकाच फरक.

इंग्लंडांत मजुरांचे मुकादम असतात, हें वाचून आम्हांस प्रथम नवल वाटलें. आपल्याकडे उंसतोडणीचा मुकादम उचल देऊन माणसें बांधून घेतो, तसेच तेथेंही शेतीसाठीं व पाकिटें भरण्यासाठीं माणसें पुरविणारे लोक आहेत. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्रीं मोरकॅम्ब येथील उपसागरांत शिंपले वेंचणाऱ्या चिनी मजुरांस भरतीनें गांठलें व निदान २१ जण बुडाले. त्यांस तेथें नेणारास समुद्राची वेळ ठाऊक नव्हती, आणि मजुरांस तेथील भाषा येत नव्हती. त्याच वर्षीं इंग्लंडांत कायदा होऊन, शेतीसाठीं व अन्न बनविण्याच्या आणि भरण्याच्या कामासाठीं मजूर पुरविणाऱ्यांस परवाना सक्तीचा झाला.

दुसरी घटना पुढील वर्षाची, हीथ्रो विमानतळाजवळची. विमानांत वाढावयाचें जेवण तयार करणाऱ्या गेट गूर्मे कंपनींत साउथहॉलकडील पुष्कळ पंजाबी स्त्रिया कामास होत्या. १० ऑगस्ट २००५ रोजीं तात्पुरते मजूर आणिल्यावरून तंटा झाला, व सुमारें ६७० जणांस कामावरून काढून टाकण्यांत आलें. तेव्हां त्या बायकांच्या बाजूनें विमानतळावरील हमाल व इतर नोकर काम सोडून उभे राहिले, व ब्रिटिश एअरवेजचीं विमानें थांबलीं. ट्रेमध्यें भाताचा डबा मांडणाऱ्या हातांवर किती मोठा व्यवहार उभा असतो, हें त्या दिवशीं अडकून पडलेल्या सहस्रावधि प्रवाशांस समजलें असेल.

आमच्या शेजारच्या गोव्यांतूनही पुष्कळ लोक असे गेले आहेत. पण त्यांचा मार्ग निराळा होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगालचें नागरिकत्व घेतां येतें. तें घेऊन कित्येक गोमंतकीय युरोपांतील मुक्त संचाराच्या हक्कानें इंग्लंडांत, विशेषतः स्विंडन शहरांत, वखारींतून व कारखान्यांतून कामास लागले. इंग्लंड युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० रोजीं तो संचार संपला. तेव्हां 'अमक्याचा मुलगा गेला, मग आपला कां जाणार नाहीं?' असें म्हणणाऱ्यांनीं तो अमका कोणत्या दारानें गेला व तें दार आज उघडें आहे काय, हें पाहावें.

आतां तो दलालाचा कागद पुन्हां वाचूं. इंग्लंडांत कुशल कामगारांसाठीं जो परवाना आहे, त्यांत पाकिटें भरण्याचें काम बसत नाहीं. फळें-भाजीपाला ह्यांच्या शेतीकामासाठीं हंगामी परवाना आहे, तो फार तर सहा महिन्यांचा, व त्यावर कुटुंब नेतां येत नाहीं. मग हीं 'दोन वर्षें' कोठून आलीं? दुसरें, काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून पैसे घेणें तेथील १९७३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. तिसरें, आपल्या देशांतही १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याप्रमाणें भरती करणाऱ्या दलालानें सरकारांत नोंद केलेली असावी लागते, व त्याची फी ३० हजार रुपये व त्यावरील कर ह्याहून अधिक असतां कामा नये. नोंदलेल्या दलालांचीं नांवें सरकारच्या ई-मायग्रेट ह्या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतात, व मुंबईस ह्या खात्याची कचेरी आहे. आम्हीं नांव पाहिलें. तें यादींत नव्हतें.

राहतां राहिला हिशेब. दरमहा शेंकडा दीड व्याजानें ४ लक्षांचें व्याज महिन्यास ६ हजार, वर्षास ७२ हजार. हें मुलानें विमानांत पाय ठेवण्यापूर्वींच चालूं होतें. पौंडाचे रुपये करून पाहणारे लोक घरभाडें, भाजी व बसचें तिकीट हींही पौंडांतच द्यावीं लागतात हें विसरतात. गुणाकार शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांनीं वजाबाकीही शिकवावयास हवी होती.

मग परदेशगमनाचा विचारच सोडावा काय? आमचें तसें मत नाहीं. जपानांत माणसांची वाण आहे. तेथील सरकारनें एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' नांवाचा परवाना सुरू केला, व त्यांत खाद्यपदार्थ तयार करण्याचें काम समाविष्ट आहे. भारताशीं त्याबद्दल जानेवारी २०२१ मध्यें करारही झाला. त्यासाठीं जपानी भाषेची व त्या कामाची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि मजुरी जपानी माणसाहून कमी देतां येत नाहीं. पहिल्या पायरीस मुदत एकंदर पांच वर्षांची, व त्या काळांत बायकामुलांस बरोबर नेतां येत नाहीं. रात्रपाळीनें दुकानांसाठीं भाताचे डबे भरण्याचें काम तेथेंही तितकेंच थंड व तितकेंच कंटाळवाणें असतें. परंतु येथें दार कोणतें हें आधीं कळतें, व तें पाटल्यांनीं न उघडतां अभ्यासानें उघडावें लागतें. भाषा शिकविण्याच्या नांवानें अवाच्या सवा पैसे उकळणारे येथेंही निघतील. त्यांच्याबाबतींतही वरील सर्व चौकशी करावी.

थोरल्या काकांस आम्हीं स्वतः जाऊन भेटलों. त्यांस इतकेंच म्हटलें कीं, आपल्या घरांतील बायका जन्मभर भाकऱ्या थापतात, डबे भरतात, उष्टीं काढतात. त्या कामानें आपली प्रतिष्ठा गेली नाहीं. तेंच काम मुलानें पगार घेऊन केलें तर ती कशी जाईल? लाज वाटावी अशा दोनच गोष्टी आहेत: खोट्या परवान्यावर जाणें, आणि काय काम करतों हें घरीं लपवावें लागणें. आमच्या पुतणीस दीड वर्ष तें लपवावें लागलें, ह्यांत दोष तिचा नव्हता, आमचा होता. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मांसाचें काय?" आम्हीं म्हटलें, "तें त्याला विचारा. हात त्याचे आहेत." मुलगा प्रथमच मान वर करून बोलला. "मासळीच्या व मांसाच्या पट्ट्यावर मीं उभा राहणार नाहीं. तशी जागा मिळाली नाहीं तर मीं जाणार नाहीं." काकांनीं पुन्हां विरोध केला नाहीं, पण संमतीही दिलेली नाहीं.

सध्यां मुलगा दिवसा एका दुकानाचा जमाखर्च लिहितो व रात्रीं जपानी अक्षरें गिरवितो. पाटल्या आईच्या हातांत आहेत. तो जाईल कीं राहील हें आज सांगवत नाहीं; परीक्षा व्हावयाची आहे.

हा लेख पुरा झाला त्याच सुमारास दसरा आला, व आमचा तो दुसरा विद्यार्थी नेहमींप्रमाणें सोनें घेऊन आला. आम्हीं त्यास लेख वाचून दाखविला. त्याची हकीगत ज्यांत आहे तें प्रकरण वाचतांना आमचा आवाज नीट निघाला नाहीं. त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें व म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट राहिली. आपला पासपोर्ट कोणाच्याही हातीं ठेवावयास देऊं नये. कोणी कितीही गोड बोललें तरी. आणि त्याची एक प्रत घरीं आईजवळ ठेवावी." ती गोष्ट त्याच्याच शब्दांत येथें जोडीत आहों. मग तो नमस्कारास वांकूं लागला, तेव्हां आम्हीं त्याचे हात धरून त्यास शेजारीं बसवून घेतलें.